गिटारसाठी ट्यूब प्रीॲम्प: स्वस्तात घ्यायचा तर नेमकं काय तपासायचं?

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला कधी ना कधी ट्यूबचं, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळीचं, वेड लागतंच. मग शोध सुरू होतो आणि पहिल्याच दिवशी डोकं भंजाळतं. एका पेडलवर (पायाने चालवायच्या डबीवर) जाळीमागे नारिंगी चमकणारी ट्यूब, दुसऱ्यावर ‘अस्सल ट्यूब टोन’ अशी ठळक अक्षरं, तिसऱ्याच्या माहितीपत्रकात २५० व्होल्टचा उल्लेख, चौथ्याबद्दल नुसतंच ‘ट्यूबच्या धर्तीवर’ असं काहीतरी मोघम. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि प्रत्येकाचा दावा एकच: खरा आवाज आमचाच.

माझं मत आधीच सांगते. कमी पैशात सगळीकडे चालेल असा ट्यूब प्रीॲम्प मिळतो, पण तो ओळखायला त्या काचेच्या नळीकडे बघून काही उपयोग नाही. तिच्या भोवतीचं सर्किट तिच्याकडून काय काम करून घेतंय, आणि प्रीॲम्पमधून निघालेला आवाज पुढे कुठे जाणार आहे, एवढं कळलं की निम्मी यादी आपोआप गळते.

प्रीॲम्प म्हणजे ॲम्पचा कुठला भाग?

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार नाजूक असतो. साधारण वाजवताना व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. हंबकर नावाच्या दणकट पिकअपवर जोरात स्ट्रम केलं तर क्षणभर एखाद व्होल्ट. उलट ८ ओहमच्या स्पीकरमध्ये ५० वॉट ओतायचे तर २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर लागतात. हे अंतर ॲम्प दोन टप्प्यांत कापतो. पहिला टप्पा सिग्नल मोठा करतो, त्याचा बेस-मिडल-ट्रेबल ठरवतो आणि हवं तर त्याला फाडतो, म्हणजे डिस्टॉर्शन देतो. हा प्रीॲम्प. दुसरा टप्पा स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. तो पॉवर ॲम्प.

गिटारच्या आवाजाचा स्वभाव बराचसा पहिल्या टप्प्यात ठरतो, आणि खर्च बराचसा दुसऱ्या टप्प्यात होतो. पॉवर ट्यूबा, लोखंडाने जड झालेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, लाकडी पेटी हे सगळं तिकडचं. त्यामुळे पहिला टप्पा वेगळ्या डब्यात घालून विकला की किंमत उतरते आणि वजनही. शिवाय ट्यूब पॉवर ॲम्प स्पीकर न जोडता चालवला तर जळू शकतो; प्रीॲम्पला ती भीती नाही. हेडफोनवर रात्री वाजवणाऱ्यांना याचं मोल कळेल.

ती नळी आत करते काय?

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये जी कल्पना मांडली तीच आजही गिटारच्या प्रीॲम्पमध्ये चालते. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक तापवलेला भाग इलेक्ट्रॉन सोडतो. त्याला कॅथोड म्हणतात. समोर धन व्होल्टेज दिलेली प्लेट ते ओढून घेते. दोघांच्या मध्ये तारेची बारीक जाळी असते, तिचं नाव ग्रिड. गिटारचा सिग्नल या ग्रिडवर येतो. पाण्याचा नळ डोळ्यांपुढे आणा: चावी जरा फिरवली तरी धार खूप बदलते, आणि जोर असतो तो वरच्या टाकीतल्या पाण्याचा. ग्रिड ही चावी, प्लेटचं व्होल्टेज ही टाकी.

गिटारच्या जगात जवळजवळ सगळीकडे दिसणारी ट्यूब म्हणजे १२एएक्स७. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत अशा दोन नळ्या असतात. कागदावर तिची सिग्नल वाढवण्याची क्षमता १०० पट. प्रत्यक्ष सर्किटमध्ये एका टप्प्यात ५०-६० पट हाती लागते. म्हणजे एक १२एएक्स७ दोन टप्पे देते, आणि मधल्या टोन कंट्रोलमध्ये बरंच वाया जाऊनही शेवटी भरपूर उरतं.

आता सिग्नल इतका मोठा झाला की ट्यूबला पेलवेना, तर काय होतं? एका बाजूला ग्रिडच प्रवाह ओढायला लागतो आणि लाटेचं टोक गोलसर दबतं. दुसऱ्या बाजूला प्रवाह पुरता बंद होतो आणि तिथली लाट वेगळ्या तऱ्हेने कापली जाते. दोन्ही टोकं सारखी कापली जात नाहीत, म्हणून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, थोडा मिसळतो. ट्यूबच्या आवाजाला ‘ऊबदार’ म्हणतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. दुसरं कारण असं की फाटणं एकदम सुरू होत नाही. हलकं वाजवलं तर स्वच्छ, जोर केला तर कडेने खरखर. बोटांचा जोर आवाजात उतरतो, आणि वाजवणाऱ्याला तेच हवं असतं.

२५० व्होल्ट की १२? खरी मेख इथे आहे

१२एएक्स७ ही २०० ते ३०० व्होल्टवर चालवायची ट्यूब आहे. पण तेवढं व्होल्टेज तयार करायचं म्हणजे वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा व्होल्टेज चढवणारं सर्किट आलं, चांगले कपॅसिटर आले, आतली मांडणी काळजीपूर्वक करणं आलं. म्हणून बऱ्याच स्वस्त डब्यांत प्लेटवर केवळ १२ ते ५० व्होल्ट असतात. याला ‘स्टार्व्ह्ड प्लेट’ म्हणतात. टाकी जवळजवळ रिकामी, चावी मात्र तीच. अशा सर्किटमध्ये सिग्नल वाढवण्याचं बरंचसं काम ऑप-ॲम्प या साध्या चिपा करतात आणि ट्यूब मध्ये बसून थोडा रंग चढवते.

‘पण ट्यूब तर मस्त चमकते!’ चमकणारच. ती चमक हीटरची. हीटरला ६.३ व्होल्ट दिले की तो पेटतो. प्लेटवर १२ व्होल्ट असोत की ३००, उजेड तेवढाच. काही उत्पादक तर ट्यूबखाली नारिंगी एलईडीच बसवतात, कारण खरी १२एएक्स७ अगदी मंद जळते आणि दुकानाच्या लखलखाटात ती दिसतही नाही.

तरी कमी व्होल्टेजचा डबा म्हणजे फसवणूक, असं म्हणायची माझी तयारी नाही. बी. के. बटलर यांचं ‘ट्यूब ड्रायव्हर’ हे पेडल अशाच कमी व्होल्टेजच्या पद्धतीचं आहे, आणि एरिक जॉन्सन, डेव्हिड गिलमोर या गिटारवादकांनी ते वापरलं. दबलेला, मऊ, लांबणारा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हलकं डिस्टॉर्शन, हवा असेल तर ही पद्धत छान चालते. अडचण होते ती स्वच्छ आवाजाच्या वेळी. टाकीत पाणीच कमी असल्याने ट्यूब लवकर दबते, जोरात मारलेला कॉर्ड चपटा होतो, आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) शून्याजवळ नेला तरी कडा गढूळच राहतात. ज्याला एकाच डब्यातून जॅझपासून मेटलपर्यंत जायचंय त्याने म्हणून प्लेट व्होल्टेज विचारावंच. माहितीपत्रकात आकडा नसेल तर कानांनी तपासा: गेन कमी, आउटपुट जास्त, ब्रिज पिकअपवर सहाही तारा जोरात. आवाज उघडा राहिला तर ठीक. मग गेन मध्यावर न्या आणि गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणा. फाटलेला आवाज स्वच्छ होत गेला पाहिजे. फक्त बारीक झाला तर तो डबा एकाच कामाचा.

एकच ट्यूब, मग फेंडर आणि मार्शल वेगळे का वाजतात?

फेंडर आणि मार्शल या ॲम्प बनवणाऱ्या कंपन्या. मार्शलचा पहिला ॲम्प, १९६२ चा जेटीएम४५, फेंडरच्या बेसमन ॲम्पच्या सर्किटवरून बनवलेला होता. पुढे दोन्ही घराण्यांचे आवाज इतके दूर गेले की आंधळाही ओळखेल. दोघांच्या प्रीॲम्पमध्ये नळ्या त्याच. बदललं ते आजूबाजूचं सामान.

दोन बारीक उदाहरणं बघा. ट्यूबच्या कॅथोडला एक रेझिस्टर असतो आणि त्याला समांतर एक कपॅसिटर. फेंडर तिथे २५ मायक्रोफॅरडचा घालतो, त्यामुळे खालपासून वरपर्यंत सगळे सूर सारखे वाढतात. मार्शलच्या कित्येक सर्किटांत तिथे ०.६८ मायक्रोफॅरडचा असतो. त्याने खालचे सूर कमी वाढतात आणि मधले पुढे येतात. दुसरं उदाहरण मार्शल २२०३ चं. कॅथोडचा रेझिस्टर सहसा दीड किलोओहमच्या आसपास असतो, पण या ॲम्पच्या दुसऱ्या टप्प्यात तो १० किलोओहमचा आहे. त्याने ट्यूब जवळजवळ बंद अवस्थेत बसते आणि लाटेची एक बाजू निर्दयपणे कापली जाते. हार्ड रॉकची ती ओळखीची करकरीत धार या काही पैशांच्या सुट्या भागातून येते, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

यातून खरेदीसाठी एक फार कामाची गोष्ट निघते. बेस भरपूर असलेला सिग्नल डिस्टॉर्शनमध्ये घातला की आवाज भसाडा आणि चिखलासारखा होतो. म्हणून फाडण्याआधी बेस कापायचा आणि नंतर हवा तेवढा परत भरायचा. मेसा बूगीच्या मार्क मालिकेतल्या ॲम्पमध्ये टोन कंट्रोल डिस्टॉर्शनच्या आधी येतात आणि पाच पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारा) नंतर, ते याचसाठी. म्हणून डबा घेताना टोनचे किती खटके (नॉब) आहेत यापेक्षा ते डिस्टॉर्शनच्या अलीकडे आहेत की पलीकडे, हे विचारा. दोन्हीकडे काहीतरी असेल, निदान आधी बेस कापणारा ‘टाइट’ असा एखादा स्विच आणि नंतर नीटसा ईक्यू, तर त्या डब्याचा पल्ला मोठा.

आणखी एक. फेंडर पद्धतीच्या टोन कंट्रोलमध्ये तिन्ही खटके मध्यावर ठेवले की आवाज सपाट होतो, हा समज चुकीचा आहे. तिथे मधले सूर चांगलेच खचलेले असतात. सपाटाच्या जवळ जायचं तर बेस आणि ट्रेबल शून्यावर आणि मिडल पूर्ण वर. ट्रायल घेताना हे माहीत नसल्यामुळे चांगले डबे ‘पोकळ वाजतो’ म्हणून परत ठेवले जातात.

आवाज पुढे कुठे जाणार?

प्रीॲम्प हा अर्धाच ॲम्प. उरलेला अर्धा कुठून आणणार हे न ठरवता तो घेतला की निराशा ठरलेली.

सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे जवळ असलेल्या ॲम्पच्या मागचा ‘इफेक्ट रिटर्न’. तिथे प्रीॲम्प जोडला की ॲम्पचा स्वतःचा प्रीॲम्प बाजूला पडतो आणि फक्त पॉवर ॲम्प व स्पीकर वापरला जातो. बेचव वाजणारा जुना ट्रान्झिस्टर ॲम्पही अशा वेळी अचानक जिवंत होतो. हाच प्रीॲम्प त्या ॲम्पच्या पुढच्या गिटार इनपुटमध्ये घातला तर दोन टोन कंट्रोल एकावर एक चढतात आणि मधले सूर आणखी खचतात. काही डबे तिथेही चालतील असे बनवलेले असतात, पण मग त्यांवर आउटपुट कमी-जास्त करायची सोय हवीच, कारण इनपुटला पेडलएवढा बारीक सिग्नल लागतो आणि रिटर्नला बहुतेकदा त्याहून बराच मोठा.

दुसरा मार्ग पेडलबोर्डच्या टोकाला बसणारा छोटा क्लास-डी पॉवर ॲम्प आणि गिटारचा कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी. हलका, आवाजाने भरपूर मोठा, बिनकटकटीचा.

तिसरा मार्ग स्पीकरच टाळून थेट ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारा डबा) किंवा पीए (मंचावरची ध्वनियंत्रणा). इथे नवखे हमखास फसतात. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गिळतो. स्टुडिओ मॉनिटर आणि हेडफोन तो गिळत नाहीत, त्यामुळे तिथे डिस्टॉर्शन कानात टोचतं आणि दोष बिचाऱ्या प्रीॲम्पवर येतो. यावर उपाय म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन. आज ते बहुधा ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ने, म्हणजे आयआरने करतात: स्पीकर, पेटी आणि माइक यांचा मिळून आवाजावर होणारा परिणाम मोजून ठेवलेली एक छोटी ध्वनिफाइल. रेकॉर्डिंग संगणकावरच करणार असाल तर आयआर तिथे फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही चालते, त्यासाठी डब्यात जास्तीचे पैसे घालू नका. मंचावर थेट पीएत जाणार असाल तर मात्र ती सोय डब्यात असलेली बरी.

चार चॅनेलवाला घ्यावा का?

माझं उत्तर बहुतेकदा नाही. ठरलेल्या किमतीत चार चॅनेल, म्हणजे अदलाबदल करता येणारे चार वेगळे आवाज, बसवायचे तर प्रत्येकावर थोडे थोडे पैसे खर्च होतात, आणि चारही चॅनेल एकाच ईक्यूवर चालत असतील तर स्वच्छ आवाजासाठी जमवलेले खटके डिस्टॉर्शनला नडतात. दोन चॅनेल, दोघांचे व्हॉल्यूम वेगळे, आणि शक्यतो ईक्यूही वेगळे, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. मी तर खराखुरा स्वच्छ चॅनेल आधी बघते. तो चांगला असला की त्याच्या आधी कुठलंही ओव्हरड्राइव्ह पेडल ठेवून हवा तो आवाज काढता येतो. गढूळ स्वच्छ चॅनेलला मागाहून उजळवणारं पेडल मात्र माझ्या बघण्यात नाही.

‘पॉवर ट्यूब नसेल तर तो कसला ट्यूबचा आवाज?’

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. १९६० च्या दशकातल्या कित्येक गाजलेल्या गिटारआवाजांत पॉवर ट्यूबा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर हे तिघेही ताणले जात होते. शिवाय स्पीकरचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो; खाली एका ठिकाणी आणि वर ट्रेबलकडे तो चढतो. ट्यूब पॉवर ॲम्प त्या चढाबरोबर थोडा वर जातो, ट्रान्झिस्टरवाला सहसा जात नाही, म्हणून तोच प्रीॲम्प दुसऱ्यावर जरा सपाट वाटतो. छोट्या पॉवर ॲम्पवर ‘प्रेझेन्स’ आणि ‘रेझोनन्स’ असे खटके असतील तर हा फरक बराच भरून निघतो.

पण मास्टर व्हॉल्यूमचे, म्हणजे डिस्टॉर्शन आणि एकूण आवाज वेगवेगळे ठरवता येणारे, ॲम्प आले आणि डिस्टॉर्शन मुख्यतः प्रीॲम्पमध्ये घडायला लागलं. एडीएचा १९८७ चा एमपी-१, मेसाचा ट्रायॲक्सिस, मार्शलचा जेएमपी-१ हे रॅकमधले ट्यूब प्रीॲम्प याच जोरावर चालले. हाय-गेन आवाज ज्याला हवा त्याला पॉवर ट्यूबची उणीव कमी भासेल. जुन्या ब्लूजवाल्याला जास्त.

‘मग मॉडेलरच का घेऊ नये?’

घ्या की. डझनभर ॲम्प, इफेक्ट आणि कॅबिनेट एकाच डब्यात हवे असतील तर त्या पैशात डिजिटल मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची संगणकी नक्कल करणारं यंत्र) सरळसरळ पुढे आहे, आणि पूर्ण बँडच्या मिक्समध्ये दोघांतला फरक ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. ट्यूब प्रीॲम्पची बाजू वेगळी आहे. मेनू नाही, अपडेट नाही, वाजवणं आणि ऐकू येणं यात संगणकाचा विलंब नाही. डबा बिघडला तर सर्किट ओळखणारा कारागीर तो वीस वर्षांनीही दुरुस्त करेल. ज्याला आपले दोन-तीनच आवाज हवेत पण ते बोटाखाली हवेत, त्याच्यासाठी हा डबा आहे.

ट्यूबा, अडॅप्टर आणि इतर छुपे खर्च

ट्यूबा सारख्या बदलाव्या लागतात ही भीती पॉवर ट्यूबांवरून आलेली आहे. प्रीॲम्पमधली १२एएक्स७ हजारो तास चालते, तिला जोडी जुळवावी लागत नाही, बायस (ट्यूबमधला प्रवाह) लावावा लागत नाही. ट्यूब बाहेरून काढता येत असेल तर वीज बंद करून, थंड झाल्यावर जुनी काढा, नवी बसवा. आज या ट्यूबा प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये रशियातून येणारा माल अडला तेव्हा जगभर त्यांच्या किमती उसळल्या होत्या. एक-दोनच ट्यूबा असलेल्या डब्याला अशा वेळी फारशी झळ बसत नाही.

वेगळ्या कंपनीची १२एएक्स७ घालून आवाज पालटेल, ही आशा मात्र सोडा. फरक पडतो, पण थोडा. ठळक बदल हवा तर प्रकार बदला. १२एवाय७ ची क्षमता ४४ पटीच्या आसपास आणि १२एयू७ ची २० च्याही खाली. दोन्ही त्याच सॉकेटमध्ये बसतात. गेन फार होतोय अशी तक्रार असलेला डबा पहिल्या जागी १२एवाय७ टाकल्यावर खूप शहाण्यासारखा वागू शकतो.

अडॅप्टरकडे कोणी बघत नाही आणि तिथेच घोटाळा होतो. एका १२एएक्स७ चा नुसता हीटर ६.३ व्होल्टला ३०० मिलिअँपिअर, म्हणजे जवळजवळ १.९ वॉट खातो. साध्या ओव्हरड्राइव्ह पेडलला दहा-वीस मिलिअँपिअर पुरतात आणि बऱ्याच पेडल सप्लायचं एकेक आउटपुट १०० मिलिअँपिअरचं असतं. म्हणून ट्यूबचा डबा तिथे लावला की तो हमिंग करतो, अर्धवट चालतो किंवा सुरूच होत नाही. सोबत आलेला अडॅप्टरच वापरा, आणि बोर्डवर त्याची जागा आधीच मोजा.

वापरलेला घेताना

कमी पैशात जास्त मिळतं ते इथेच. सुरू करून पाच-दहा मिनिटं तापू द्या. मग ट्यूबला बाहेरून हात पोचत असेल तर गेन वाढवून तिच्यावर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. बारीक टकटक चालते; घंटेसारखा आवाज लांबत राहिला किंवा शिट्टी सुरू झाली तर ट्यूब मायक्रोफोनिक (धक्का लागला की स्वतःच आवाज करणारी) झालीये. ती बदलणं सोपं, त्यामुळे डबा नाकारू नका, किंमत पाडून मागा. गिटार न जोडताही घूं-घूं राहत असेल आणि ट्यूब बदलून जात नसेल, तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकलेत असं धरा. प्रत्येक खटका शेवटपर्यंत फिरवून खरखर ऐका, चॅनेल भराभर बदलून फटकन आवाज येतो का पाहा. मिडीवाले (दुसऱ्या यंत्राच्या आदेशाने सेटिंग बदलणारे) जुने रॅक प्रीॲम्प सेटिंग लक्षात ठेवायला आत बॅटरी वापरतात. ती संपली की साठवलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून बंद करून पुन्हा चालू करून बघायला लावा. आणि आत डोकवायची हौस असली तरी स्वतः झाकण उघडून हात घालू नका: खऱ्या हाय-व्होल्टेज प्रीॲम्पचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ शेकडो व्होल्ट धरून बसलेले असतात.